शेजारच्या खुर्चीतली मुलगी

रत्नागिरीतल्या एका दैनिकाच्या शनिवारच्या पुरवणीत मी बरीच वर्षं सिनेमांवर लिहिते आहे. नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात. तिथे मासिकं चाळायला येणारे एक गृहस्थ त्या दैनिकाचे संपादक निघाले आणि एकदा कुठल्याशा सिनेमावरून आमचा पुस्तकं देण्याघेण्याच्या काउंटरवरच वाद झाला. ते म्हणाले, हे सगळं लिहून द्या. मी दिलं. तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळपर्यंत सहाशे शब्द पोचवायचे, असं चालू आहे.

नवरा मालवाहू जहाजावर इंजिनीअर. सहासात महिने दर्यावर, मग दोनअडीच महिने घरी. त्यामुळे एरवी घरात आम्ही दोघीच, मी आणि मुलगी. सिनेमाला जायचं तर तिला घेऊन जायचं, नाहीतर जायचंच नाही. मोठ्यांच्या सिनेमाला ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची. लहान मुलांचा सिनेमा लागला की मात्र खुर्चीच्या काठावर बसायची आणि मधे मधे मागे वळून माझ्याकडे बघायची, मलाही तेच दिसतंय ना याची खात्री करायला.

हे सांगते आहे ते ती चौथीत असतानाचं. आता ती सातवीत आहे. लिहू का, म्हणून मी तिला विचारलं, तेव्हा तिनं दोन दिवस उत्तर दिलं नाही. मग म्हणाली, लिही, पण सिनेमाचं नाव घालू नकोस. म्हणून नाव घालत नाही.

डिसेंबर होता, नाताळ जवळ आलेला. सिनेमा पक्ष्यांचा. पण पक्षी आधी बाजारात आले होते, प्लॅस्टिकचे, मुठीत मावणारे, बारा रंगांचे. पोट दाबलं की प्रत्येक जण आपापलं वाक्य बोलायचा. ते खपायला लागल्यावर कंपनीनं त्यांच्यासाठी गोष्ट लिहून घेतली आणि त्या गोष्टीचा सिनेमा झाला. आमच्याकडे हिंदीत आला. मुंबईपुण्याची परीक्षणं मी आधी वाचत नाही असं सगळ्यांना सांगते, पण वाचते. मुंबईच्या एकानं लिहिलं होतं की ही दोन तासांची जाहिरात आहे आणि ती बघायला आईबाप तिकीट काढताहेत. पुण्याच्या एका बाईंनी लिहिलं होतं की जाहिरात आहे हे मान्य, पण एका प्रसंगात आपल्याला कोण काय विकतंय याचा त्यांना विसर पडला. तिसऱ्यानं साडेतीन तारे देऊन पिसांच्या रंगकामाबद्दल लिहिलं होतं. मला पहिल्यासारखं लिहायचं होतं. पुण्याच्या बाई मला भोळ्या वाटल्या.

रविवारी दुपारच्या खेळाला गेलो. हॉल पोरांनी भरलेला. पहिला पाऊण तास गोंगाट होता, पक्षी उडत होते, एकेकाचं वाक्य बोलत होते, आणि पडद्यावरच्या पक्ष्याआधीच ते वाक्य पोरं ओरडत होती. मग वादळ येतं. सगळे पक्षी एका बंदरातल्या गोदामात आसरा घेतात. सगळ्यात धाकटा, पिवळा पक्षी एका लाकडी खोक्यात शिरतो आणि वरून झाकण पडतं. वादळ थांबल्यावर बाकीचे त्याला हाका मारतात, शोधतात आणि शेवटी तो पुढे गेला असेल असं समजून उडून जातात. संगीत थांबतं. खोक्याच्या आतून चोच आपटल्याचा आवाज तेवढा येत राहतो.

हॉलमध्ये चिडीचूप झालं. मुलीनं माझा डावा हात घट्ट धरला. मी बघितलं तर ती रडत होती. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते.

माझ्या पर्समध्ये छोटी वही असते. उजव्या हातानं ती काढली आणि तिचा हात तसाच धरून अंधारात लिहिलं, ‘झाकण. रडली.’ घड्याळ बघून मिनिटंही लिहिली. ते मला त्या वेळी जराही वावगं वाटलं नाही, हे मुद्दाम नोंदवते.

मध्यंतरात बाहेर आलो तर हॉलचं दार आणि स्वच्छतागृह यांच्यामध्ये बरोबर टेबल मांडलेलं. बारा पक्षी, बारा पारदर्शक झाकणांचे खोके. त्या टेबलाला वळसा न घालता कुठेही जाता येत नव्हतं. मुलगी थांबली. पिवळ्या पक्ष्याचा खोका उचलला, उलटा केला, कडेनं बोट फिरवलं आणि परत ठेवला. माझ्याकडे काही मागितलं नाही. मी मनात म्हटलं, हात गेलाच. तेही लिहून ठेवलं.

बुधवारी लिहायला बसले. बाकी सगळं जमलं होतं, पण मुलाचं मन कसं विकत घेतात हे दाखवायला पुरावा हवा होता आणि तो माझ्याकडे होता. शेवटचा परिच्छेद असा झाला: ‘माझ्या शेजारच्या खुर्चीत आठ वर्षांची एक मुलगी होती. पडद्यावर झाकण पडलं आणि अगदी नेमून दिलेल्या मिनिटाला ती रडू लागली. मध्यंतरात तीच मुलगी त्याच पक्ष्याच्या खोक्याला हात लावताना दिसली. तिचे अश्रू खरे होते, पण ते कारखान्यातच मोजून भरलेले होते.’

हे शेवटचं वाक्य सुचलं तेव्हा मी उठून स्वतःसाठी चहा केला. इतकी खूश होते. परीक्षण गुरुवारी सकाळीच पाठवून दिलं.

शनिवारी मुलीची सकाळची शाळा, सव्वासातची. रिक्षावाले काका सातला पाच कमी असताना खाली भोंगा वाजवतात. त्या दिवशी ती माझ्याआधी उठून तयार झाली होती. मी डबा भरत होते. तिनं सांगितलं की आज परिपाठ त्यांच्या वर्गाकडे आहे आणि बातम्या ती वाचणार आहे. मी पाठमोरीच म्हटलं, सावकाश वाच, आणि माईकच्या फार जवळ जाऊ नकोस. ती हसली. का हसली ते मी विचारलं नाही. भोंगा वाजला, ती गेली.

चहा घेऊन पेपर उघडला तर पुरवणीत खिडकी पडलेली. एवढा मोठा चौकोन कापलेला की पलीकडचं डायनिंग टेबल दिसत होतं. माझ्या पानावर खाली शहरातल्या एका खेळण्यांच्या दुकानाची जाहिरात येणार हे मला माहीत होतं, त्याच पक्ष्यांची. मला वाटलं, चित्रासाठी कापलंन. जरा रागच आला. मग नीट बघितलं. जाहिरात होती तिथेच होती. बाराच्या बारा पक्षी शाबूत होते. कात्री जाहिरातीच्या वरच्या रेघेवरून काळजीपूर्वक फिरवलेली होती. गेलं होतं ते माझं लिहिलेलं.

क्षणभर छान वाटलं. लेकीनं आईचा लेख वाचायला नेला. आणि पुढच्याच क्षणी तो शेवटचा परिच्छेद आठवला.

गाउनवरच ओढणी घेतली आणि स्कूटर काढली. आमच्या घरापासून शाळा लांब नाही, पण वाटेत चढ आहे आणि त्या दिवशी पुढे चिऱ्यांचा ट्रक होता. तो बाजूला होईना. मी पोचले तेव्हा फाटक बंद होतं आणि आतून प्रतिज्ञा ऐकू येत होती.

शिपाईमामा मला ओळखत होते. मी म्हटलं, दोन मिनिटांचं काम आहे, मुलीला एक वस्तू द्यायची राहिली. ते म्हणाले, "परिपाठ चालू झालाय ताई. मोठ्या बाईंनी सांगितलानी हाय, मधी कोणासाठी गेट उघडायचा नाय." मी म्हटलं, फारच गरजेचं आहे. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. हात रिकामे होते.

पटांगण मला दिसत नव्हतं. मधे इमारत होती. भिंतीवरचा कर्णा तेवढा दिसत होता. प्रतिज्ञा झाली, दिनविशेष झाला. मग एका मुलीनं जाहीर केलं की आज बातम्यांबरोबर पुरवणीतल्या एका लेखाचं वाचन होईल आणि तो लेख वाचणाऱ्या विद्यार्थिनीच्या आईनं लिहिलेला आहे. टाळ्या झाल्या.

माझी मुलगी वाचायला लागली. मी सांगितलं होतं तसं सावकाश वाचत होती. माझी वाक्यं तिच्या आवाजात फाटकाबाहेर येत होती. ‘बाजारपेठ’ शब्द ठणठणीत आला. ‘भांडवलशाही’ला अडखळली, दोन तुकडे करून म्हणाली. इतक्या लहान मुलांपुढे हे काय वाचतेय, असं कुणी थांबवेल तर बरं, असं मला वाटत होतं. कुणी थांबवलं नाही. मी फाटकाचे गज धरून उभी होते. शिपाईमामा म्हणाले, "ऐका की ताई, तुमचाच हाय." त्यांना वाटलं मी कौतुकानं आले आहे.

‘माझ्या शेजारच्या खुर्चीत आठ वर्षांची एक मुलगी होती.’ हे वाक्य तिनं चढ्या आवाजात वाचलं. त्यात आनंद होता. सकाळच्या घाईत तिनं लेख शेवटपर्यंत वाचला नसणार; आपण छापून आलो, हे तिला त्या घटकेला कळलं होतं. आदल्या सोमवारीच तिनं वर्गात सगळ्यांना सांगितलं होतं की मी आईबरोबर सिनेमा बघून आले. म्हणजे वर्गालाही कळलंच असणार.

पुढचं वाक्य तिनं अर्धं वाचलं आणि ती थांबली.

कर्ण्यातून माईकची घरघर तेवढी येत होती. ती माईकपासून हलली नव्हती. मग बाईंचा दबका आवाज आला, "वाच पुढे. छान वाचते आहेस." आणि तिनं वाचलं. पाढे म्हणावेत तसं, कुठेही न थांबता, शेवटच्या शब्दापर्यंत. मोजून भरलेले होते. कुणीतरी दोघंतिघं हसली. शिस्तीत टाळ्या झाल्या. त्यानंतर मौन. आत पाचशे पोरं गप्प उभी होती आणि बाहेर मी.

मौन संपल्यावर मामांनी फाटक उघडलं. "जावा आता." मी म्हटलं, नको, राहू दे. आत जाऊन करायचं काय होतं? वर्गात जाऊन तिला काय सांगणार होते? मी तशीच वळले आणि घरी येऊन कामावर जायची तयारी केली.

अकराला शाळा सुटते तेव्हा रिक्षाकाकांना येऊ नका म्हणून फोन केला आणि ग्रंथालयातून लवकर निघून मी स्वतः आणायला गेले. ती मागे बसली. एरवी माझ्या कमरेला विळखा घालते. त्या दिवशी तिनं मागचा कॅरियर धरला. वाटेत मी दोनदा विचारलं, नीट बसली आहेस ना? ती दोनदा हो म्हणाली.

घरी आल्यावर जेवली. वरणभात, लोणचं, सगळं संपवलं. मग उठून स्वतःचं ताट स्वतः घासलं. हे तिनं आधी कधी केलेलं नव्हतं. मी म्हटलं, ठेव गो, मी घासते. तिनं पुसून जागेवर ठेवलं आणि मग विचारलं, "ती मुलगी मीच ना?"

"हो."

"मग ‘एक मुलगी’ का लिहिलंस? माझी मुलगी का नाही लिहिलंस?"

मी तिला सांगायला लागले की परीक्षणात घरातलं लिहीत नाहीत, वाचणाऱ्याला ते बरं वाटत नाही, आणि नाव नसलं की कुणाचीही मुलगी असू शकते. सांगता सांगता मलाच ते ऐकवेना. मग मी दुसरीकडून सुरुवात केली. म्हटलं, अगो, तो सिनेमा खेळणी खपवण्यासाठीच काढलाय, आणि हे सगळ्यांना कळावं म्हणून मी लिहिलं.

"मला माहीत होतं ते," ती म्हणाली. "बाहेर दुकानच होतं ना."

मला वाटत होतं हे फक्त मला आणि मुंबईच्या त्या परीक्षकालाच कळलंय. मी विचारलं, मग रडलीस कशाला?

ती बराच वेळ ओट्याच्या कडेला नख लावत राहिली. मग सांगितलं. झाकण पडल्यावर आतून उघडता येत नव्हतं, म्हणून रडले. बाबांनी फोनवर त्यांची केबिन दाखवली होती, तिची खिडकी उघडत नाही. बाहेर वादळ असलं की दारही वरून बंद करतात, असं बाबा म्हणाले होते. आणि सगळे त्याला हाका मारून निघून गेले.

"आणि खोक्याला हात लावलास तो?"

"तो कुठून उघडतो ते बघत होते. मला विकत नको होता."

मी म्हटलं, चुकलं माझं. तिनं मान हलवली. "मग पेपरात तसं सांग," म्हणाली. तिच्या दृष्टीनं ते सरळ होतं. पेपरात चुकलं, पेपरात दुरुस्त करायचं.

सोमवारी मी संपादकांकडे गेले. ते माझ्यावर खूश होते. त्या परिच्छेदासाठी लोकांचे फोन येत होते म्हणाले, पुरवणीला इतके फोन कधी आले नव्हते. मी दुरुस्तीचं काढलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, ती रडली की नाही? खोक्याला हात लावला की नाही?" मी म्हटलं, दोन्ही केलं. "मग शुद्धिपत्र कशाचं देऊ?"

माहितीत काही चूक नव्हती.

जाता जाता त्यांनी आणखी एक सांगितलं. खेळण्यांच्या दुकानदाराचाही फोन आला होता. तो रागावलेला असेल असं त्यांना वाटलं होतं, पण तो म्हणाला की लोक लेख वाचून दुकानात येताहेत आणि ‘तो रडवणारा पक्षी’ मागताहेत. त्याच्याकडचे पिवळे सगळे संपले होते. पुढच्या सिनेमाच्या वेळीही माझ्या लेखाखालचीच जागा त्याला हवी होती.

त्याच आठवड्यात तो परिच्छेद फोनवर फिरायला लागला. माझं नाव गळालं होतं, सिनेमाचंही. नुसती ती मुलगी राहिली होती. वर कुणीतरी ‘पालकांनो, जागे व्हा’ असं जोडलं होतं आणि खाली दोन हात जोडलेले. सावर्ड्याच्या माझ्या नणंदेकडून आला, ग्रंथालयाच्या गटावर आला, आणि शेवटी मुलीच्या वर्गाच्या पालकांच्या गटावर आला. तिथे आयांनी खाली लिहिलं, किती खरं आहे, आमची पण अशीच. ती कोण ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि ठाऊक नसल्यासारखं सगळ्या लिहीत होत्या. मी काही लिहिलं असतं तर आणखी बोभाटा झाला असता. फोन उलटा करून ठेवत होते, तेवढंच माझ्या हातात होतं.

पुढच्या गुरुवारच्या मजकुरात मी चार ओळी घातल्या होत्या, की मागच्या वेळी मी एका मुलीबद्दल घाई केली. पाठवण्याआधी मुलीला वाचून दाखवल्या. तिनं ऐकलं आणि म्हणाली, नको. परत सगळे वाचतील. मी त्या ओळी काढून टाकल्या. न लिहावं तर तिच्याबद्दलचं खोटं तसंच राहणार, आणि लिहावं तर पुन्हा तिलाच माईकसमोर उभं करणार.

अशातच ग्रंथालयाच्या पत्त्यावर पार्सल आलं. मुलीनं आठवड्यापूर्वी फोनवर सिनेमाची गोष्ट बाबांना सांगितली होती, आणि त्यानं बोटीवरून ऑनलाइन मागवला होता. पिवळा पक्षी. तिकडे त्याला परीक्षणाबद्दल काही माहीत नव्हतं. मी सांगितलं नव्हतं. आठवड्यातून एकदा मिळणाऱ्या वीस मिनिटांत हे कुठून सुरू करायचं, ते मला कळत नव्हतं.

ते पार्सल मी माझ्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि कुलूप लावलं. उद्या देऊ, असं ठरवलं. उद्या वाटलं, आत्ताच दिलं तर ती म्हणेल, माझी समजूत काढायला आणलास? परवा वाटलं, ती हे सगळं विसरेपर्यंत थांबावं. असे बारा दिवस गेले. रोज त्या ड्रॉवरवर गुडघा टेकवून मी पुस्तकांवर तारखांचे शिक्के मारत होते.

तेराव्या दिवशी रविवार होता. मधल्या आठवड्यात नवऱ्याचा फोन लागलाच नव्हता. आज जहाज एका बंदराबाहेर नांगर टाकून उभं होतं, रेंज चांगली होती. व्हिडिओवर त्याचा चेहरा स्वच्छ दिसत होता. इकडचंतिकडचं झालं आणि त्यानं मुलीला विचारलं, "काय गो बाय, पक्षी आवडला ना?"

मुलीनं फोनवरून नजर काढून माझ्याकडे बघितलं. मी कणीक मळत होते. हात पिठात होते आणि कुठेच जाता येत नव्हतं. तिनं ‘कुठला पक्षी?’ एवढं विचारलं असतं तरी माझं सगळं उघडं पडलं असतं. ती परत फोनकडे वळली आणि म्हणाली, "अजून उघडला नाही."

"का गो?"

"आज उघडणार आहे."

फोन संपल्यावर तिनं मला विचारलं, कुठे आहे? मी सांगितलं. कुलूप लावलंयस? हो. "चल, आत्ता आणूया," ती म्हणाली. मी हात धुतले.

कॉलेज बंद होतं. वॉचमनकडून किल्ली घेतली, काहीतरी कागद राहिलाय असं सांगून. आम्ही आत गेलो तेव्हा खिडक्यांतून संध्याकाळचं ऊन टेबलांवर आलं होतं. मी ड्रॉवर उघडला. तिनं पार्सल काउंटरवर ठेवलं आणि तिथेच फोडायला घेतलं. आतल्या खोक्याचं झाकण निघालं, पण पक्षी निघेना. त्याचे पाय आणि मान मागच्या पुठ्ठ्याला प्लॅस्टिकच्या पिळलेल्या तारांनी बांधलेली होती. मी पेपर कटर आणला. ती पुठ्ठा धरायची, मी कापायची. एक तार मानेच्या मागे फार घट्ट होती, ती सोडवायला आम्हाला बराच वेळ लागला. या सगळ्यात आम्ही एकमेकींशी ‘इकडून’, ‘जरा वर’, ‘आता ओढ’, एवढंच बोललो.

सुटल्यावर तिनं त्याचं पोट दाबलं नाही. मी वाट बघत होते, तो कुठलं वाक्य बोलतो ते ऐकायची. तिनं तो नुसता मुठीत धरला. परत येताना एका हातात तो होता, त्यामुळे दुसऱ्या हातानं तिला माझा खांदा धरावा लागला.

मी सॉरी म्हटलं, तेही स्कूटर चालवताना, पुढे बघून. तिनं ऐकलं की नाही कळलं नाही. वाऱ्याचा आवाज होता.

त्यानंतर ती माझ्याबरोबर सिनेमाला आली नाही असं नाही. पण निघण्याआधी विचारायला लागली, तू लिहिणार आहेस का? लिहिणार असेन तर येत नसे. बाबा घरी असले की त्यांच्याबरोबर जाई आणि मी घरी थांबे. तिकीट काढताना खिडकीवरचा मुलगा मला एकच देऊ लागला, न विचारता.

वर्षभरानं आणखी एक तसलाच सिनेमा आला, गाड्यांचा. त्याही आधी दुकानात आलेल्या. ती मैत्रिणीच्या घरच्यांबरोबर जाणार होती, शनिवारी. म्हणून मी रविवार ठरवला होता. त्यांचा बेत आयत्या वेळी बदलला आणि मला ते कळलं नाही. मी शेवटच्या रांगेत कोपऱ्यात बसले होते. दिवे मालवायच्या आधी ती दोन मुली आणि मैत्रिणीच्या आईबरोबर पुढच्या दारानं आत आली आणि तिसऱ्या रांगेत बसली.

उठून जावं तर दार त्यांच्या बाजूला. बसून राहिले. मध्यंतरात दिवे लागले तेव्हा ओढणी डोक्यावरून घेतली आणि खाली सरकले. तहान लागली होती, पण पाण्याला बाहेर जायचं तर त्यांच्यासमोरून जायचं. सगळी माणसं उठून बाहेर गेली, मी एकटी मागे. ती परत येताना पायऱ्यांवर थांबली आणि तिनं हॉलवरून एकदा सावकाश नजर फिरवली. माझ्यावर थांबली की नाही, मला सांगता येणार नाही. मी वहीत डोकं घातलं होतं.

उत्तरार्धात ती हसली. एकदा दोन्ही हात वर करून ओरडली. मला पडद्यापेक्षा तिचं डोकंच जास्त दिसत होतं. त्यातलं मी काहीही लिहिलं नाही. परीक्षणात कथा, संगीत, गाड्यांची संख्या आणि जाहिरात कुठे संपते, सिनेमा कुठे सुरू होतो, एवढंच होतं. हॉलमधलं एक माणूस नव्हतं.

शनिवारी ती शाळेतून आली आणि तिनं ते जेवायच्या आधी वाचलं. शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाली, "यात हॉलमधलं काहीच नाही."

मी म्हटलं, तुला तेच हवं होतं ना?

"हो," ती म्हणाली. "पण कंटाळवाणं झालंय."

तिनं पुरवणी घडी करून टेबलावर ठेवली आणि हात धुवायला गेली. संपादकांचंही हल्ली तेच म्हणणं आहे. मी अजून तसंच लिहिते.